परग्रहवासी यांस, स. न. वि. वि.

माणसाला दुसऱ्याचा पत्ता लक्षात राहत नाही आणि स्वतःचा सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईहून निघालेल्या गाडीत समोरच्या बाकावरचा गृहस्थ इगतपुरी यायच्या आत आपलं नाव, गाव, खातं, निवृत्तीचं वर्ष आणि जावयाची कंपनी एवढं सगळं सांगून मोकळा होतो आणि नाशिकरोडला उतरताना 'या हो एकदा घरी' असं म्हणतो. आपण जाणार नाही हे ठाऊक असतं, म्हणूनच तो म्हणतो. एखादा खरंच जाऊन उभा राहिला तर काय, याचा विचार त्या गृहस्थाने केलेला नसतो. तो त्याच्या बायकोने केलेला असतो.

पृथ्वी नावाच्या आपल्या या बिऱ्हाडाने असाच आपला पत्ता आभाळात वाटत सुटावं की नाही, यावर थोरामोठ्या शास्त्रज्ञांमध्ये गेली पन्नासएक वर्षं भांडण चालू आहे. दूर कुठल्या ताऱ्याभोवती कुणी शहाणीसुरती माणसं (म्हणजे माणसं नव्हेत, पण शहाणीसुरती) राहत असतील, तर आपण होऊन त्यांना रेडिओवरून हाक घालावी का? एक पक्ष म्हणतो, घालावी. त्याखेरीज ओळख व्हायची कशी? दुसरा म्हणतो, गप्प बसा; कोण आहे, कसा आहे, ठाऊक नाही, आणि तुम्ही दार सताड उघडून वर दिवा लावून ठेवताय.

या वादात तुमचं काय काम, असं कुणी मला विचारील. मला तारे ओळखता येतात ते सप्तर्षींपर्यंत, आणि तेही कुणी बोट दाखवलं तर. पण मी नाशिकचा आहे. अनोळखी पाहुण्याला ओ द्यावी की नाही, या बाबतीत आमच्या गावाइतका जुना अनुभव फारच थोड्या गावांच्या गाठीला असेल.

पंचवटीच घ्या. रामायणातलं पुढचं सगळं रामायण इथल्या तीन पाहुण्यांनी घडवलं. पहिली शूर्पणखा. ती आपण होऊन आली, स्वतःची ओळख स्वतः करून दिली आणि नाक गमावून गेली. त्या नाकावरूनच 'नासिक' हे नाव पडलं असं सांगतात. भाषापंडित ही व्युत्पत्ती मानोत न मानोत, पूर्वी टांगेवाले मानत आणि आता रिक्षावाले मानतात. दुसरा मारीच. याची तऱ्हा शास्त्रज्ञांनी मुद्दाम अभ्यासावी अशी. त्याने मरता मरता रामाच्या आवाजात हाक मारली. म्हणजे संदेश आला, स्पष्ट आला, ओळखीच्या आवाजात आला. फक्त पाठवणारा भलताच होता. तिसरा पाहुणा भिक्षेकऱ्याच्या वेषात आला. लक्ष्मणरेषा वाल्मीकींनी सांगितलेली नाही, ती मागाहूनची, असं जाणकार म्हणतात. पण वाल्मीकींनी सांगितलं आहे ते मला रेषेपेक्षा जास्त बोचतं. दाराशी आलेला अतिथी आहे, बोललो नाही तर शाप देईल, या भीतीने सीतेने त्याला आपलं कूळ, माहेर, सासर, वनवासाचं कारण, सगळी हकिगत नीट सांगितली. आणि मग विचारलं, आपण कोण?

आधी आपण सांगायचं आणि मग त्याला विचारायचं! 'अतिथी देवो भव' या वाक्याखाली बारीक अक्षरात काही अटी छापलेल्या असतील, तर त्या पहिल्यांदा पंचवटीत उघडकीला आल्या.

पण हे झालं पुराण. ज्यांना शिलालेखाशिवाय समाधान होत नाही त्यांच्यासाठी मुंबई-आग्रा रस्त्यावर पांडवलेणी आहेत. त्रिरश्मी डोंगर धापा टाकत चढून गेलं की दोन घराण्यांनी दगडावर कोरून ठेवलेले जाहीर संदेश वाचायला मिळतात. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला मामला. दहाव्या लेण्यात उषवदात बोलतो. हा क्षत्रप नहपानाचा जावई. सासरा राजा असल्यावर जावयाने जरा सढळ हाताने खर्च करावा हे ओघानेच आलं. तर या जावईबापूंनी तीन लाख गाई दान केल्या, नारळाची बत्तीस हजार झाडं दिली, तापी, दमण, डहाणू अशा ठिकाणी नद्यांवर फुकटच्या नावा ठेवल्या. सगळं कोरून ठेवलंय. शिवाय भिक्षूंच्या वस्त्रांची सोय म्हणून गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेवीत टाकले: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच तेवढं वापरायचं. हे गोवर्धन म्हणजे आमचंच, गंगापूरच्या वाटेवरचं. नाशिककराला मुदत ठेवीच्या व्याजाची चौकशी केल्याशिवाय झोप येत नाही, याचं मूळ इतकं खोल आहे.

हा सगळा मजकूर कुणासाठी होता? पुढच्या काळासाठी. आम्ही कोण, आमच्याकडे काय काय आहे, आम्ही किती उदार. आणि तो मजकूर पहिल्याप्रथम कुणाच्या हाती पडला? गौतमीपुत्र सातकर्णीच्या. त्याच डोंगरातल्या तिसऱ्या लेण्यात त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, लेकाचं कौतुक कोरवून घेतलं आहे. त्यात साफ म्हटलंय की माझ्या मुलाने क्षहरातांचं कूळ निःशेष केलं. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं. म्हणजे शेजारच्याच लेण्यात राहणारे जावईबापू ज्या सासऱ्याच्या नावाने ओळख सांगत होते, ते. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारून घेतला होता. वितळवायचीही तसदी घेतली नाही. नहपानाने मोठ्या हौसेने आपला चेहरा पाठवला, आणि मिळाला त्याने त्याच्या नाकावरच आपलं चिन्ह उठवलं. नाशिकला नाकाचं काही तरी वावडंच आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. पुढची हजारांहून अधिक वर्षं हे लेख कुणालाच वाचता येईनात. दगड तिथेच, अक्षरं तिथेच, लेण्यांखालून जाणारी-येणारी माणसं त्याच मातीतली. भाषा तरी कुठली परकी? प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीची. तरीही एवढी मोठी खोदकामं कुणाची म्हणून विचार करकरून लोकांनी ती पांडवांच्या नावावर टाकली आणि विषय संपवला. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप या कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या साहेबाने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा कुठे कळलं की इथे पांडव नव्हतेच, व्याजाचे दर होते. आपल्याच डोंगरावरचं आपल्याच पणजीचं पत्र आपल्याला वाचता आलं नाही, आणि लोक पंचवीस हजार प्रकाशवर्षांवर पत्र टाकून उत्तराची वाट बघायला निघालेत!

हो, पंचवीस हजार. हा आकडा मी ठोकून दिलेला नाही. त्याची हकिगत अशी.

परग्रहाशी बोलायची हौस साहेबाच्या देशांत जुनीच. १९०० साली फ्रान्समध्ये एका धनाढ्य बाईंच्या मृत्युपत्रातून एक बक्षीस जाहीर झालं: दुसऱ्या एखाद्या ग्रहगोलाशी जो बोलून दाखवील आणि उत्तर मिळवील त्याला एक लाख फ्रँक. अट एकच, मंगळ सोडून. कारण मंगळाशी बोलणं फारच सोपं, त्याला बक्षीस कसलं द्यायचं! १९६२ च्या नोव्हेंबरात रशियनांनी शुक्राच्या दिशेने मोर्स संकेतात तीन शब्द पाठवले: शांतता, लेनिन, आणि सोव्हिएत संघाचं नाव. शुक्रावरून पोच आली नाही.

मग १९७४ साली, १६ नोव्हेंबरला, पोर्टो रिकोतल्या आरेसिबो इथल्या ३०५ मीटर रुंदीच्या दुर्बिणीवरून फ्रँक ड्रेक या शास्त्रज्ञाने पुढाकार घेऊन एक जंगी संदेश सोडला. १,६७९ ठिपके, तीन मिनिटांच्या आतला कार्यक्रम. त्यात एक ते दहा आकडे, आपल्या शरीरातल्या रसायनांची कुळकथा, माणसाची आकृती, त्या वेळची चार अब्जांवरची लोकसंख्या आणि सूर्यापासून कितव्या घरी आम्ही राहतो ते. थोडक्यात, नाव, पत्ता, घरात माणसं किती. आपल्याकडे चोरट्यांनी पाळत ठेवून जमवावी लागते तेवढी माहिती पहिल्या पत्रात. पाठवला तो एम-१३ नावाच्या तारकागुच्छाकडे, आणि तो गुच्छ पंचवीस हजार प्रकाशवर्षं दूर. उत्तर आलंच तर पन्नास हजार वर्षांनी. खरं तर तो सुधारलेल्या दुर्बिणीच्या उद्घाटनाचा सोहळा होता. आपण उद्घाटनाला नारळ फोडतो, त्यांनी संदेश फोडला. पुढे २०२० च्या डिसेंबरात ती दुर्बीण कोसळली. पत्र वाटेत आहे, टपाल कचेरी पडली.

त्या वेळी एका माणसाला मात्र हे मुळीच रुचलं नाही. सर मार्टिन राइल. इंग्लंडचे राजखगोलज्ञ, त्याच १९७४ साली नोबेल मिळालेले. त्यांचं म्हणणं, तिकडचे लोक दुष्ट असतील, भुकेले असतील, आपण पत्ता का द्यायचा? ड्रेकचं उत्तर ठरलेलं: आपले रेडिओ, टेलिव्हिजन, रडार कधीपासून बाहेर गळतातच आहेत, आता लपवून काय उपयोग? हा युक्तिवाद मला आमच्या चाळीतला वाटतो. 'आमच्या भांडणाचा आवाज तसाही बाहेर जातोच, मग कर्णा लावला तर काय बिघडलं?' बिघडतं. गळणारा आवाज चहूकडे विखुरतो आणि ताऱ्यांच्या अंतरावर अगदी मिणमिणता होतो. नेम धरून सोडलेला झोत मात्र, ज्याच्या अंगावर पडतो त्याला, त्या एका लहरीपुरता सूर्याहूनही प्रखर दिसतो.

त्यानंतर वाटच मोकळी झाली. २००८ साली अमेरिकेच्या नासाने बीटल्सचं एक गाणं ध्रुवताऱ्याकडे पाठवलं. ध्रुवबाळ अढळपदी बसल्यापासून इतका आवाज त्याच्याकडे पहिल्यांदाच गेला असेल. त्याच साली बटाट्या-मक्याच्या कुरकुरीत चकत्या विकणाऱ्या एका कंपनीने आपली जाहिरात उत्तर ध्रुवाजवळच्या रडारवरून सप्तर्षींच्या भागातल्या एका ताऱ्याकडे सोडली. वसिष्ठ-अरुंधतीच्या शेजाराला तळणाची जाहिरात! २०१७ मध्ये स्पेनमधल्या एका संगीतमहोत्सवाच्या निमित्ताने नॉर्वेतून एका जवळच्या ताऱ्याकडे संदेश गेला. हा तारा फक्त बारा प्रकाशवर्षांवर. तिथे कुणी असलंच आणि त्याने उलट टपाली उत्तर टाकलं, तर ते २०४२ च्या आसपास इथे. आमची नात आज दुसरीत आहे. तिच्या लग्नाच्या वयाला येऊन पोचणारं हे पत्र, आणि ते मागवलं कुणी? एका जलशाच्या आयोजकांनी.

आता कायद्याचं बघा. १९८९ साली जगातल्या शास्त्रज्ञांच्या एका मंडळाने ठराव केला की परग्रहाकडून संदेश आलाच, तर देशोदेशींशी विचारविनिमय झाल्याशिवाय कुणीही त्याला उत्तर द्यायचं नाही. ठराव चांगला, पाळायची सक्ती कुणावर नाही. पण मौज अशी की तो उत्तरापुरता. आपण होऊन हाक घालायला तो आड येत नाही. म्हणजे कुणी बेल वाजवली तर दार उघडण्यापूर्वी सोसायटीची सभा बोलवा, पण गच्चीवर जाऊन 'या हो!' म्हणून ओरडायला मुभा आहे.

या ठिकाणी आपली केसरबाई येतात.

केसरबाई केरकर. जन्म १८९२, गोव्यातल्या केरीचा. उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांची शिस्त अंगी मुरवलेल्या, जयपूर-अत्रौली गायकीतल्या सम्राज्ञी. 'सूरश्री' ही पदवी, १९६९ साली पद्मभूषण. बाईंचा दरारा असा की मैफिलीत कुणाची मान चुकीच्या मात्रेवर हलली तर त्याला धाम फुटावा. ध्वनिमुद्रिका मोजक्या दिल्या, आणि रेडिओवर गाण्याच्या बाबतीतला त्यांचा ठाम नकार जुन्या जाणत्यांच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकला आहे. कुठल्या कोपऱ्यात, कोण, पान खात, लोळत आपलं गाणं ऐकतोय याचा पत्ता नाही, तर तिथे गायचं कशाला? गाणं समोर बसून ऐकायचं, आणि ऐकणारा कोण ते गाणाऱ्याला दिसलं पाहिजे.

आणि १९७७ साली काय झालं? अमेरिकेची दोन व्हॉयेजर यानं सूर्यमालेबाहेर जायला निघाली. दोहोंवर एकेक सोनेरी तबकडी बसवली: पृथ्वीचे आवाज, चित्रं, ५५ भाषांतले नमस्कार आणि जगभरचं संगीत. कार्ल सेगन यांच्या हाताखाली निवड झाली. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीतज्ञाने सांगितलं की भारताचं घ्यायचं तर केसरबाईंची भैरवी घ्या, 'जात कहाँ हो'. ती तबकडी मिळता मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात सापडली. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ निघालं, आणि १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाई गेल्या. अकरा दिवसांचं अंतर. आज ते यान अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास दूर आहे. ऐकणारा कोण हे बघितल्याशिवाय जिने तंबोरा लावला नसता, ती बाई अशा श्रोत्याकडे निघाली आहे की ज्याला कान आहेत की नाहीत, हेही सांगता येत नाही. आणि तिकीट काढणारे सगळे दुसरेच.

मला अभिमान वाटत नाही असं नाही. चांगला छातीभर वाटतो. माणसाच्या बाजूने ताऱ्यांसमोर एक मराठी मुलखातली बाई गाते आहे, बाखच्या मांडीला मांडी लावून. पण अभिमानाने छाती फुगली की तिच्यात एक प्रश्नही टोचतो: सगळ्यांच्या वतीने बोलायचं तर सगळ्यांना विचारायला नको?

तबकडीवर मराठी नमस्कारही आहे. त्यात पृथ्वीवरचे लोक शुभविचार पाठवतात, आणि तुम्ही या जन्मी धन्य व्हावं अशी इच्छा धरतात. 'या जन्मी'! म्हणजे परग्रहवाल्यांनाही चौऱ्याऐंशीचा फेरा आहे, हे आपण परस्पर गृहीत धरून टाकलं. शेजारच्या गुजराती नमस्कारात मात्र थेट संपर्क साधायला सांगितलंय. प्रत्येकाने आपापला स्वभाव पाठवला. चीनमधल्या एका बोलीत तर, जेवलात का, सवड काढून या, असं आमंत्रणच आहे. तबकडीच्या झाकणावर चौदा स्पंदक ताऱ्यांच्या खुणांनी आपल्या सूर्याचा पत्ता कोरलेला आहे, तेव्हा आमंत्रण मोघम आहे असं म्हणायलाही जागा नाही.

हे सगळं मी आमच्या शेजारच्या अण्णांना सांगितलं. अण्णा नोटांच्या प्रेसमध्ये होते. सबंध नोकरी त्यांनी झडती देऊन बाहेर पडण्यात काढली, त्यामुळे बाहेरच्यांवर त्यांचा विश्वास मुळातच बेताचा.

"एवढ्या लांबून यायला कुणाला सवड आहे?" अण्णा म्हणाले. "आणि येऊन न्यायचं काय? पाणी? आम्हालाच एक वेळ येतं."

"पण अण्णा, न येता नुसतं बोलले तर?"

"बोलले तर बोलू देत. नाशिकच्या साहित्य संमेलनात नाही का झालं, अध्यक्ष आले नाहीत, भाषण आलं."

खरं आहे. २०२१ च्या डिसेंबरात आडगावला चौऱ्याण्णवावं संमेलन झालं. अध्यक्ष जयंत नारळीकर. संमेलनाच्या इतिहासात एका खगोलशास्त्रज्ञाला मान मिळाला आणि नेमके प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही. 'यक्षांची देणगी' लिहिणारा, 'प्रेषित'मधून दुसऱ्या ग्रहावरचं पोर पृथ्वीवर वाढवणारा हा माणूस आमच्या गावात संदेशरूपाने आला. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. ताऱ्यांवरून कुणी आलंच तर ते असंच येईल, असं बहुतेक शास्त्रज्ञांनाही वाटतं: पाहुणा नाही, पाहुण्याचं भाषण. पण नुसत्या भाषणाने काय होतं, हे साहित्यिकांना विचारा. एका वाक्याने संमेलनं उधळतात.

आमची ही इतका वेळ शेंगा सोलत ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, ते चांगले की वाईट, हे कशाला शोधत बसलाय? चांगला पाहुणा आला तरी स्वयंपाक कुणाला तरी करावा लागतोच ना? ज्याने बोलावलं तो खुर्चीत बसून गप्पा मारतो. ज्याला करायचंय त्याला आधी विचारावं, एवढंच."

पंधरा वर्षं इंग्रजी पुस्तकं वाचून माझ्या जे ध्यानात आलं नव्हतं ते हिने शेंगांच्या सुपात टाकून दिलं, असं मी म्हणणार नाही. कारण हे माझ्याही मनात होतंच. पण वाक्य तिचं चांगलं होतं. स्टीफन हॉकिंगनी २०१० साली कोलंबसाची आठवण काढली होती: तो आला तेव्हा तिथल्या मूळ लोकांचं काही बरं झालं नाही. २०१५ साली अनेक शास्त्रज्ञांनी मिळून पत्रक काढलं की जगभर चर्चा होईपर्यंत हाका थांबवा. त्यात मला राइलसाहेबांची भीती कमी आणि हिचं म्हणणं जास्त ऐकू येतं. हाका घालणारे म्हणतात, सगळ्या जगाची परवानगी कधी मिळायची? एका सोसायटीत रंग कुठला लावायचा यावर एकमत होत नाही. हेही खरंच. पण रंगावर एकमत होत नाही म्हणून सेक्रेटरीने एकट्याने इमारतच कुणाच्या तरी नावे लिहून द्यावी, असा नियम अजून झालेला नाही.

मग करायचं काय? नुसतं गप्प बसायचं? तर नाही. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. तिथून आत खोडद. तिथे गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाने एक कान उभारून ठेवला आहे. एक नव्हे, तीस. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मधोमध आणि सोळा तीन हातांसारख्या बाहेर पसरलेल्या, पंचवीसएक किलोमीटरच्या पसाऱ्यात. पत्रा न वापरता पोलादी दोऱ्यांवर तारेची जाळी ताणून केलेल्या, म्हणून स्वस्त आणि वाऱ्याला न अडणाऱ्या. जीएमआरटी तिचं नाव. ही दुर्बीण चकार शब्द बोलत नाही. फक्त ऐकते. २०१६ च्या ऑक्टोबरात युरोपचं एक छोटं यान मंगळावर उतरायला गेलं, तेव्हा त्याची क्षीण हाक खोडदला ऐकू आली, आणि मग ऐन शेवटी ते आपटलं. जवळजवळ नऊशे कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची कुजबुजही याच जाळ्यांत सापडली, ती बातमी २०२३ ची.

असं ऐकायला आजूबाजूला शांतता लागते, म्हणून तर सह्याद्रीच्या आडोशाची ही जागा निवडली. तिथे गेलं की मोबाइल बंद करावा लागतो. आणि ही शांतता फुकट येत नाही. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची वाट आम्ही बघतो आहोत. आखणी झाली, नकाशे छापून आले, जमिनीचे भाव वाढले. मग रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं की हा मार्ग दुर्बिणीजवळून जातो, रेल्वेच्या विजेच्या गडबडीने तिचं ऐकणं बिघडेल, तेव्हा मार्ग बदलावा लागेल. तीसेक तबकड्यांच्या कानाशी गोंगाट नको म्हणून लाखो लोकांनी एस.टी.च्या आणि खाजगी गाड्यांच्या धक्क्यांत चंदनापुरीचा घाट चढायचा. ऐकण्याची किंमत असते आणि ती कुणाला पडते, ते इथे निदान डोळ्यांसमोर दिसतं. आमच्यातल्या पुष्कळांनी त्यावर आरडाओरडाही केला, सभा झाल्या, निवेदनं गेली. म्हणजे विचारलं गेलं, भांडलं गेलं.

मागे विज्ञानदिनाला खोडदचं ते प्रदर्शन भरतं, तेव्हा आम्ही अण्णांना घेऊन गेलो होतो. गावोगावच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग मांडून बसली होती. अण्णा सगळं शांतपणे बघत फिरले. मग एका तबकडीखाली उभे राहून त्यांनी मान मागे टाकली, टोपी सावरली आणि तिथल्या एका तरुण मुलाला विचारलं, "काय हो, इतकी वर्षं ऐकताय. अजून कुणी बोललं नाही?"

"नाही, आजोबा."

"आणि तुम्हीही बोलत नाही?"

"आमच्याकडे बोलायचं यंत्र नाही."

अण्णा बराच वेळ त्या जाळीतून आरपार दिसणाऱ्या आभाळाकडे बघत राहिले. मग खिशातून बंद केलेला मोबाइल काढून तो खरंच बंद आहे ना, हे त्यांनी पुन्हा एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "चला, नारायणगावात मिसळ खाऊ. गाडी साडेचारची आहे."